राणीने शहर निवडायचं

रोझविटा गडगडाटींची राणी झाली तेव्हा सगळ्यात मोठा धक्का तिलाच बसला. धक्का ओसरला, पण त्याच्या मागोमाग जी भीती पोटात शिरली ती अख्खा हिवाळा तिथेच मुक्काम ठोकून राहिली.

'गुरुवारच्या गडगडाटी' हे आमच्या ओस्टेनबेकमधल्या आठ बायकांच्या मंडळाचं नाव. दर गुरुवारी दुपारी बेर्टोल्डच्या खानावळीखालच्या तळघरात जमायचं, लांब लाकडी पट्टीवरून जड गोळा सोडायचा, पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या नऊ सोंगट्या पाडायच्या आणि मधल्या वेळात गावातल्या गैरहजर माणसांना पाडायचं. गोळा कडेच्या चरात गेला की त्याला पूडल म्हणतात, आणि मग बाकीच्या सातजणींनी कुत्र्यासारखं भुंकायचं असतं. सगळ्या साठी ओलांडलेल्या आहेत, नातवंडांना शिस्त लावणाऱ्या आहेत, पण भुंकायला एकही मागे राहत नाही.

आता मंडळ म्हटलं की नियम आले, आणि आम्ही जर्मनीतली वेस्टफालियाची माणसं नियमापुढे देवालाही दारात थांबवू. वर्षभरात जी सर्वांत जास्त सोंगट्या पाडते ती राणी. तिच्या गळ्यात पितळी साखळी. जुनी राणी जाताजाता दोन शहरांची नावं टाकते, नवी राणी त्यातलं एक निवडते आणि मे महिन्यात सगळ्या तिकडे सहलीला जातात. मतदान नाही. फार पूर्वी एकदा मतदान झालं होतं. चार-चार मतं पडली, आणि हेडविग नि उला या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणी वर्षभर एकमेकींकडे पाठ करून कपडे वाळत घालत होत्या. तेव्हापासून राणीचा शब्द शेवटचा. शिवाय नोव्हेंबरात राणी ठरली की जानेवारीतल्या कोबीच्या जेवणापर्यंत तिच्यासमोर शहराबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. तिनेही कुणाला विचारायचं नाही. जेवणाच्या टेबलावर तिने उभं राहून नाव सांगायचं, की झालं.

आणि सहलीत राणी सगळ्यांच्या पुढे चालते. मंडळाची लाल छत्री उंच धरून. नकाशा ती बघते, स्टेशनातल्या पाट्या ती वाचते, आणि सातजणी मागून बदकांसारख्या. राणी चुकली तरी तिला सांगायचं नाही. उला राणी होती तेव्हा जुनं चर्च बघायला म्हणून निघालेली वरात तिने सांडपाणी शुद्ध करण्याच्या कारखान्याच्या फाटकाशी नेऊन उभी केली होती. वास सगळ्यांना अर्ध्या वाटेतच आला होता. पण एकीने तोंड उघडलं असेल तर शपथ.

रोझविटाला घाम फुटायचा तो नेमका या पुढे चालण्याच्या विचाराने. कारण तिला पाट्या वाचता येत नव्हत्या. नकाशा तर सोडाच, माणसांचे चेहरेही दिसत नव्हते. आणि हे तिने एकाही जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं.

गंमत बघा, एके काळी याच डोळ्यांचं गिरणीत नाव होतं. आमच्याकडे कापडाच्या गिरण्या होत्या तेव्हा रोझविटा मागावर होती, आणि चार माग सोडून पलीकडे धागा तुटला तर तिला इथून दिसायचा. मुकादम म्हणायचा, हिला ठेवलं की दोघी कमी लागतात. गिरण्या बंद पडल्या, ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तिथून निवृत्त झाली, नवरा हाइनर गेला. आणि मग एका सकाळी न्हाणीघराच्या फरशांच्या सरळ रेघा मधेच वाकड्या दिसायला लागल्या. तिला वाटलं फरशा खचल्या. तिने गवंडी बोलावला. गवंडी म्हणाला, बाई, फरशा सरळ आहेत.

डॉक्टर चांगला होता, गोड बोलला. म्हणाला, दृष्टीचा मधला भाग जाणार, कडेचा राहणार. पूर्ण अंधार होणार नाही. वाचता येणार नाही, चेहरे ओळखू येणार नाहीत, पण चालता-फिरता येईल. औषध नाही. रोझविटाने त्याचे आभार मानले, बाहेर येऊन बाकावर बसली आणि समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी असलेल्या करड्या डागाकडे बघत राहिली. तो माणूस शेवटी उठून दुसऱ्या बाकावर गेला.

तेव्हापासून तिचा सगळा दिवस लपवालपवीत जायचा. गाडी चालवणं सोडलं ते गुडघ्याच्या नावावर. खडूने फळ्यावर सोंगट्यांचा हिशेब लिहायचं काम सोडलं ते खोकल्याच्या नावावर. खानावळीत यादी न उघडताच ती कांद्यात शिजवलेलं मांस मागवायची. तिला ते आवडत नव्हतं, पण बेर्टोल्डकडे ते बारमाही मिळतं. रस्त्यात कोण आहे ते कळत नसे म्हणून दिसेल त्या आकाराला ती मोठ्याने "नमस्कार!" ठोकायची. गावात बोलबाला झाला की हाइनर गेल्यापासून रोझविटा किती माणसाळली! एकदा तर तिने बँकेच्या दारातल्या पुठ्ठ्याच्या माणसाचीही विचारपूस केली.

खेळात मात्र भलतंच झालं. डोळे धड होते तेव्हा ती नेम धरायची, आणि धरलेला नेम चुकायचा. आता नेम धरायला समोर काही दिसतच नव्हतं. मग ती नुसती पावलं टाकायची आणि हात सोडून द्यायची. गोळा नाकासमोर जायचा. सोंगट्या कोसळल्याच्या आवाजावरून तिला अंदाज यायचा, पुढचं फळ्यापाशी बसलेली आनेग्रेट हलकेच सांगायची. "सात. शाब्बास." नोव्हेंबरात, खेळाच्या वर्षअखेरीला, शर्यत उरली या दोघींतच. शेवटची फेक आनेग्रेटची होती आणि तिला जिंकायला एक, फक्त एक सोंगटी हवी होती. आनेग्रेटने गोळा सोडला आणि तो सरळ चरात गेला. तळघर भुंकण्याने दणाणलं. साखळी रोझविटाच्या गळ्यात पडली.

मावळती राणी हेडविग. खणखणीत आवाज, खणखणीत मतं, कसायाच्या दुकानाची मालकीण. तिने खुर्चीवर चढून नावं टाकली. "प्राग किंवा ब्रुगे! दोन्हीकडे बिअर चांगली आहे, त्यामुळे माझ्याकडून दोन्हीला आशीर्वाद."

ब्रुगे ऐकून रोझविटाच्या जिवात जीव आला, आणि प्राग आठवून तो पुन्हा गेला.

ब्रुगे तिला पायांनी पाठ होतं. हाइनर मालट्रक चालवायचा, बेल्जियमच्या बंदरातून फरशा आणायचा. रविवारी आपल्याकडे ट्रकला बंदी, म्हणून तो शनिवारीच निघून तिकडे मुक्काम करायचा आणि रोझविटाला शेजारी बसवून न्यायचा. त्यांचे किती रविवार ब्रुगेत गेले असतील देव जाणे. स्टेशनातून निघून तळ्याच्या काठाने, मग संन्यासिनींच्या पांढऱ्या घरांवरून, मग कालव्याच्या कडेने थेट बाजारचौकात. चौकातल्या मनोऱ्याच्या घंटा दर पावतासाला वाजतात, त्या कानावर धरून चाललं की माणूस चुकत नाही. तिथे ती छत्री धरून ऐटीत पुढे चालली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता.

प्राग म्हणजे चढउतार, ट्रामगाड्या, वाचता न येणाऱ्या पाट्या आणि एकही ओळखीचा दगड नाही. पहिल्याच चौकात तिचं पितळ उघडं पडलं असतं. आणि पडलं की पुढे काय होतं ते तिने पाहिलं होतं. वाल्बुर्गाचं तेच झालं होतं.

वाल्बुर्गा ही मंडळाची जुनी सभासद, रोझविटाहून तरबेज. तिचा खुबा गेला. कुणी तिला काढलं नाही हो, छे! उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवून तिला मानद सभासद केलं. तळघराच्या भिंतीवर तिचा फोटो लावला, दर नाताळला फुलांची टोपली पाठवायचं ठरवलं. आणि त्यानंतर गुरुवारी तिला कुणी बोलावलं नाही. तिला खेळता येत नाही, तर बोलावून वाईट कशाला वाटू द्यायचं, असा सगळ्यांचा समजूतदार विचार. रोझविटानेही तोच विचार केला होता. बाई जिवंत आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि फोटोत जाऊन बसली आहे.

रोझविटाला एकाच गोष्टीची धास्ती होती, त्या फोटोशेजारी आपला फोटो लागण्याची. मुलगी लांब, घर गावाबाहेर शेतात. आठवड्यात गुरुवार सोडला तर तिच्याशी बोलायला येतो तो पोस्टमन.

एवढंच असतं तर ब्रुगे म्हणून ती मोकळी झाली असती. पण आनेग्रेट होती ना.

आनेग्रेट ही मंडळातली सगळ्यात अबोल. पोस्टाच्या खिडकीमागे उभं आयुष्य काढलेली, दर गुरुवारी रोझविटाला गाडीतून नेणारी-आणणारी. तिने आयुष्यात एकच हट्ट धरला होता, प्रागचा. तरुणपणी चर्चच्या गायनवृंदाबरोबर तिचं प्रागला जायचं ठरलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली. सकाळी रेडिओ लावला तर रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसलेले. बॅग परत रिकामी केली. पुढे लग्न, मग अंथरुणाला खिळलेली सासू. सरहद्द उघडली आणि सगळं गाव बस भरभरून प्रागला जाऊन आलं, तेव्हा ही सासूची उशी बदलत होती. सासू गेली तर नवऱ्याची मूत्रपिंडं बसली. तो गेल्याला आता दोन वर्षं झाली होती. हे सगळं तिने रोझविटाला गाडीत, थोडंथोडं करून, बऱ्याच गुरुवारी मिळून सांगितलं होतं.

नियमाप्रमाणे आनेग्रेट हिवाळाभर शहराबद्दल काही बोलली नाही. फक्त डिसेंबरात एकदा गाडीत बसताना पाय पुढे करून म्हणाली, "नवे बूट घेतले. तळ रबरी आहे. चढाला बरे."

ब्रुगे ताटासारखं सपाट आहे. रोझविटा म्हणाली, "छान आहेत गं," आणि घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

त्या रात्रींमध्ये तिला झोप नव्हती म्हणा ना. सकाळी उठून वाटायचं, प्राग. म्हणून टाकावं, मग होईल ते होईल. दुपारी चहा ओतताना कपात बोट बुडवून पातळी बघावी लागायची, बोट भाजायचं, आणि वाटायचं, नाही बाई, ब्रुगे. आरशासमोर उभी राहून तिने "प्राग" म्हणून पाहिलं. आरशात तिच्या तोंडाच्या जागी डाग होता. डागातून आलेला आवाज तिला खोटा वाटला.

कोबीच्या जेवणाला बेर्टोल्डने काळपट हिरव्या कोबीचा ढीग आणि त्यावर सॉसेज अशी ताटं भरून आणली. मोहरी फिरली, एकेक पेला कडक दारू पोटात गेली. हेडविगने सुरी पेल्यावर वाजवली.

"राणीसाहेब, उठा! आमचे बूट वाट बघतायत."

बूट हा शब्द ऐकला मात्र, रोझविटाला आनेग्रेटचे रबरी तळ आठवले. ती उठली. समोर सात डाग, सात वासांचे, सात श्वासांचे. कुठला आनेग्रेटचा ते तिला बरोबर माहीत होतं, आणि तिने तिकडे तोंड केलं नाही.

"ब्रुगे," ती म्हणाली. "प्रागमध्ये फार पाकीटमार झालेत म्हणे."

"वा! तिथले बटाट्याचे तळलेले काप!" हेडविग ओरडली. टाळ्या झाल्या. आनेग्रेटच्याही झाल्या, रोझविटाने कान लावून ऐकल्या. मग शेजारून सुरी-काट्याचा आवाज आला. आनेग्रेट सॉसेज कापत होती. बराच वेळ कापत होती.

परतताना गाव मागे पडलं. बिटाच्या शेतांपाशी आनेग्रेटने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"का गं?" तिने विचारलं.

"काय का?"

"ब्रुगे का?"

"राणीला विचारायचं नसतं, आनेग्रेट. नियम आहे."

"नियम कोबीपर्यंत. कोबी गेला पोटात. आता बोल."

"सांगितलं ना. पाकीटमार. उलाच्या भावजयीची पर्स..."

"रोझविटा, तुला दिसत नाही म्हणून."

बाहेर अंधारून आलं होतं. रोझविटाने आपली पर्स मांडीवर घट्ट धरली, जणू तोच पाकीटमार गाडीत शिरला होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वर्ष झालं, तू माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतेस. मला आधी वाटलं माझ्याच कानात काहीतरी आहे. मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले बाई! त्याने मळ काढला, तरी तू कानाकडेच बघतेस. मग माझ्या लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून. तुझे डोळे, तू सांगायचंस."

रोझविटाला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. हिला सगळं माहीत होतं, आणि आपण हिच्यासमोर वर्षभर खोकल्याचं नाटक करत बसलो!

"आणि आता ऐक," आनेग्रेट म्हणाली. एवढं सलग बोलायची तिला सवय नव्हती. "शेवटच्या फेकीला मला एक सोंगटी हवी होती. एक! शाळेतली पोर पाडेल. मी गोळा मुद्दाम चरात सोडला. म्हटलं, हिला जमतंय तोवर हिच्या गळ्यात एकदा साखळी पडू दे. आणि शहराचं काय, माझं प्राग हिला माहीत आहे, ही निवडेलच. मला वाटलं दोन्ही होईल. तुला साखळी, मला प्राग. मूर्ख मी."



"मी मागितली होती तुझ्याकडे भीक?" रोझविटा म्हणाली.

"नाही."

"मग सोड मला घरी."

आनेग्रेटने गाडी सुरू केली.

तो आठवडा रोझविटाने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. साखळी कपाटात होती, पण घरभर तिचंच ओझं. आपण जिंकलोच नव्हतो. गेल्या कितीतरी वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आपल्याला जमलं असं वाटलं होतं, तेही नाही. आणि त्याच्या बदल्यात आपण त्या बिचारीचं एकुलतं एक मागणं पायदळी तुडवलं, तेही घाबरून. राग यायचा, मग लाज यायची, मग पुन्हा राग. सरळ फोन करून माफी मागावी तर मागून करणार काय? राणीचा शब्द दिला गेला होता. ब्रुगे ते ब्रुगे.

निस्तरायचा मार्ग एकच होता आणि तो तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता. राणी पायउतार झाली तर दुसरी आलेली राणी होते, आणि निवड नव्याने होते. पण पायउतार होणारीने सगळ्यांसमोर कारण सांगायचं असतं.

तिने वाल्बुर्गाला फोन लावला. कशाला लावला ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"रोझविटा? आमची रोझविटा?" पलीकडून आवाज आला. "काय गं, कुणी गेलं का?"

"नाही, नाही. सहज. कशी आहेस?"

"मजेत. मला फार जपता हं तुम्ही सगळ्या. टोपली आली होती नाताळात. लाल फुलांची."

"कोण घेऊन आलं होतं?"

"टोपलीवाला," वाल्बुर्गा म्हणाली. "चांगला मुलगा आहे. पाच मिनिटं बसला."

फोन ठेवल्यावर रोझविटा जिथे होती तिथेच उभी राहिली. हे सगळं आपल्या वाट्याला येणार हे तिला आता फक्त वाटत नव्हतं, तिला ते ऐकू आलं होतं.

गुरुवारी आनेग्रेट येईल की नाही याची खात्री नव्हती. रोझविटा कोट चढवून दारात उभी राहिली, पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. ठरल्या वेळी भोंगा वाजला. गाडीत दोघी हवेबद्दल बोलल्या. हवेबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

तळघरात पहिला गोळा सुटायच्या आधी रोझविटाने पर्समधून साखळी काढली आणि टेबलावर ठेवली. पितळ लाकडावर आपटलं तशी सगळ्यांची बडबड थांबली.

"मी राणीपद सोडते. दुसरी आनेग्रेट आहे."

"हे बघा!" हेडविग म्हणाली. "असं मनात आलं आणि सोडलं, असं नसतं. कारण लागतं."

"कारण मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"तू दिसत नाहीस, हेडविग. तुझा आवाज येतो, तुझ्या सॉसेजचा वास येतो, चेहऱ्याच्या जागी काही नसतं. कुणाच्याच. सोंगट्या तर दोन वर्षांत मी पाहिलेल्या नाहीत. सहलीत मी तुम्हाला कुठे नेलं असतं देव जाणे. ब्रुगे मला पाठ आहे म्हणून मी ब्रुगे म्हटलं. पाकीटमाराचं खोटं होतं."

चरात गेलेल्या त्या गोळ्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. ते आनेग्रेटचं होतं.

मग हेडविगचा आवाज आला, हळू, अपमानाने भरलेला. "म्हणजे मला... वर्षभर... आंधळीने हरवलं?"

"हो," रोझविटा म्हणाली.

"आणि मी नवा चष्मा केला होता!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग उलाने घसा साफ केला. उला वाईट नाही, पण तिला बोलण्यातली रिकामी जागा बघवत नाही.

"अगं, मग तुला त्रास नको ना," ती मायेने म्हणाली. "इतका जड गोळा, त्या पायऱ्या, आणि परक्या शहरात तर... वाल्बुर्गाच्या वेळी आपण कसं छान केलं होतं. मानद—"

हेच, हेच ते. तिला माहीत होतं कुणीतरी म्हणणार, आणि असंच गोड आवाजात म्हणणार. दोघी-तिघींनी हूं-हूं केलं. तिने टेबलाची कड धरली आणि वाट बघत राहिली.

"साखळी द्या इकडे," आनेग्रेट म्हणाली.

ती कधीच मोठ्याने बोलत नसल्याने पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही कोण बोललं. तिने हात लांब करून साखळी उचलली आणि स्वतःच गळ्यात घातली. राणीला साखळी घालण्याचा मान मावळत्या राणीचा असतो, पण तेवढं थांबायला तिला सवड नव्हती.

"प्राग," ती म्हणाली.

"अगं, दोन दिवस विचार तरी—"

"झालाय विचार. आठवत नाही तेव्हापासून झालाय. प्राग. आणि आठहीजणी. कुणी मानद नाही, कुणाचा फोटो नाही. पाट्या मी वाचेन, तिचा हात मी धरेन. राणीने सांगितलंय, उला. मिटलं."

उलाने तोंड मिटलं. राणी म्हणून तिच्या मागे सगळ्या सांडपाण्याच्या कारखान्यापर्यंत चालल्या होत्या, त्यापुढे हे काहीच नव्हतं.

"ऊठ मग, रोझविटा, तुझी पाळी," हेडविग कुरकुरली. "नाही, थांब. आधी मी. मलाही बघू दे डोळे मिटून कसं जमतं ते." तिने खरंच डोळे मिटले, चार पावलं धावली आणि गोळा असा काही भिरकावला की तो चरही सोडून भिंतीवर आदळला. बेर्टोल्ड वरून काय झालं म्हणून धावत आला. तोवर सगळ्या भुंकायला लागल्या होत्या, आणि सगळ्यात मोठ्याने रोझविटा भुंकत होती. भुंकता भुंकता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते तिने पुसलंही नाही.

परतताना गाडीत मात्र ती पर्सची खटकी उघडत-मिटत बसली.

"आता काय?" आनेग्रेटने विचारलं.

"मला भीती वाटते गं. प्रागच्या त्या जुन्या पुलावर मी उभी राहीन आणि मला काही दिसणार नाही. तुम्ही सगळ्या अहाहा कराल आणि मी नुसती उभी."



"मलाही वाटते," आनेग्रेट म्हणाली. "तुझ्याहून जास्त. सासूची उशी बदलताना मी त्या पुलावरून किती वेळा चालले असेन. सगळं मनात बांधून ठेवलंय, दिव्यांसकट. आता खरोखर जाऊन बघितलं आणि ते तसं नसलं तर? नुसते दुकानदार आणि गर्दी असली तर? मग माझ्याकडे काय उरलं?"

हे रोझविटाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मला सांग ते," ती म्हणाली. "मनातलं. पुलावर उभी राहून मला तेच सांग. तिथे काय आहे ते नको."

"म्हणजे खोटं सांगू?"

"बिनधास्त सांग. मी कुठे बघणार आहे?"

आनेग्रेटला हसू फुटलं, इतकं की तिला गाडी हळू करावी लागली. मग घर येईपर्यंत ती रोझविटाला पहिला दिवा कुठे आहे ते सांगत होती.